कनवटीपासून कार्डापर्यंत

नरसी मेहत्याच्या हुंडीची कथा कीर्तनात ऐकली नाही असा पन्नाशीपुढचा मराठी माणूस सापडणे कठीण. द्वारकेला निघालेले काही यात्रेकरू जुनागढला मुक्कामाला उतरतात. वाटेत चोरांचे भय. तेव्हा जवळचे सातशे रुपये इथल्या कुणा पेढीवर भरावेत, द्वारकेची हुंडी घ्यावी आणि हलक्या कनवटीने पुढे निघावे असा त्यांचा बेत. गावातले टवाळ त्यांना थट्टेने नरसीच्या दारात आणून सोडतात. नरसी रुपये घेतो, साधुसंतांच्या सेवेत खर्चून टाकतो आणि हुंडी लिहितो ती द्वारकेच्या शामळशा शेटाच्या नावाने. त्या नावाचा शेट द्वारकेत कुणी पाहिलेला नसतो. पण खुद्द द्वारकाधीशच शेटजीचा वेष घेऊन येतो आणि सातशे रुपये मोजून देतो.

कीर्तनकार यातून भक्तीचा महिमा सांगतात, आणि तो त्यांचा अधिकारच आहे. मी बेळगावातल्या एका शाळेत पंचवीस वर्षे इतिहास शिकवला. मास्तराच्या नजरेला या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. प्रवाशाला रोकड नको असते. त्याला विश्वासाचा कागद हवा असतो. त्या कागदाची किंमत वरच्या नावात असते. आणि कागद कितीही गोड असला तरी शेवटी कुणाला तरी रोख मोजावी लागते. नरसीच्या कथेत ती देवाने मोजली. बाकीच्या इतिहासात ती कोण मोजत आले, हा या लेखाचा विषय.

विषय जुना असला तरी निकड आजची आहे. घरोघरी पोरांना फोन येतात. विमानतळावर, मॉलमध्ये, अगदी बँकेत पासबुक भरायला गेले तरी कुणीतरी टाय बांधलेला मुलगा पुढे येतो आणि प्रवासाचे ‘प्रीमियम’ कार्ड घ्या म्हणतो. विमानतळाच्या खास दालनात बसा, फुकट खा-प्या, खर्च करा आणि गुण साठवून विमानाची तिकिटे मिळवा. मग पोरे आपल्याला विचारतात, कोणते घेऊ? एखाद्या कार्डाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या अटी वर्षात दोनदा बदलतात. बदलत नाही तो हिशेब, आणि हिशेबाची मुळे शोधायला थोडे मागे जावे लागते.

हुंडणावळ

आपल्या व्यापाऱ्यांची हुंडी हे काही भाबडे साधन नव्हते. दाखवताक्षणी पैसे द्यायची ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यायची ती मुदती. कुणाही पतदार शहाला देण्याजोगी ती शहाजोग, तर नाव घातलेल्या माणसालाच देण्याची ती नामजोग. रकमेत कुणी खाडाखोड करू नये म्हणून आकड्याबरोबर त्याची निम्मी रक्कम अक्षरात घालून ‘त्याचे दुप्पट’ असे लिहीत. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. रक्कम चुकती झाली की हुंडीचा खोका होई आणि तो पेढीच्या दप्तरात जाई. हरवलेल्या कागदाची भरपाई, लबाडीपासून बचाव, मुदतीची उधारी, असे आजच्या कार्डवाल्यांचे बहुतेक शहाणपण आपल्या गुमास्त्यांना तेव्हाच ठाऊक होते.

या सोयीची किंमत म्हणजे हुंडणावळ. सतराव्या शतकात हिंदुस्थानात वारंवार येऊन गेलेला फ्रेंच जवाहीर-व्यापारी तावेर्निये याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरतेवरच्या हुंड्यांचे दर त्याने गावागावांनिशी टिपून ठेवले आहेत. अहमदाबादहून एक ते दीड टक्का, बऱ्हाणपुराहून अडीच ते तीन, गोव्याहून चार ते पाच, लाहोरहून सहाच्याही वर. जितकी वाट लांब आणि जोखमीची, तितकी हुंडणावळ जास्त.

या दरातला गोव्याचा आकडा ध्यानात ठेवावा. आज आपले साधे क्रेडिट कार्ड परदेशात वापरले तर बँक परकी चलनाच्या व्यवहारावर साधारणपणे साडेतीन टक्के मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून ४.१३ टक्के. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी गोवा ते सुरत पैसा हलवायला जे पडत होते, जवळजवळ तेच आज बेळगावचे कार्ड बर्लिनमध्ये घासायला पडते. वाटेतले चोर गेले, बैलगाड्या गेल्या, निरोप क्षणात पोहोचू लागला. हुंडणावळ मात्र जागची हलली नाही. फरक इतकाच की तावेर्नियेला ती आधी सांगितली जात होती, आणि आपल्याला ती महिन्याच्या हिशेबात बारीक अक्षरात सापडते.

बट्टा आम्हाला नवा नाही

सरहद्दीवरच्या माणसाला चलनाचा बट्टा शिकवावा लागत नाही. बडोद्याच्या घरांनी बाबाशाही रुपया पाहिला. हैदराबाद संस्थानातल्या मराठवाड्याच्या माणसाला हाली आणि कलदार यांतला फरक पाढ्यांसारखा पाठ असे : हालीचे ७ रुपये दिले की इंग्रजी कलदाराचे ६ मिळत. संस्थान भारतात विलीन झाल्यावरही ते चलन काही वर्षे चालू होते. गोव्यात पोर्तुगीज रुपिया चाले. १९५९ पासून त्याच्या जागी एश्कुद आला, एका रुपियाचे ६ एश्कुद या दराने, आणि १९६१ च्या मुक्तीनंतर तोही गेला. आमच्या बेळगावात तर कॅम्पात इंग्रजांचा अंमल आणि शहापुरात सांगलीकर पटवर्धनांचा. बाजाराला जाताना संस्थान बदलायचे.

या बदलांतून आपल्या आजीआजोबांनी एक सवय लावून घेतली होती. सोय म्हटली की ते लगेच विचारत, ‘बट्टा किती?’ ही सवय आपण मधल्या काळात विसरलो, कारण पुढच्या कागदांनी बट्टा लपवायची कला साधली. ती कशी, हे बघण्यासाठी आता दूर जायला हवे, युरोपात आणि मग अमेरिकेत.

पुन्हा एक सही

युरोपात सहलीला निघणाऱ्या श्रीमंत इंग्रजांसाठी लंडनच्या रॉबर्ट हेरीस याच्या पेढीने १७७२ मध्ये फिरत्या नोटा काढल्या. ठिकठिकाणच्या शहरांत त्या दाखवून पैसे मिळत. शंभर वर्षांनी, १८७४ मध्ये, सहलींचा धंदा करणाऱ्या थॉमस कुकने तीच कल्पना मध्यमवर्गीय प्रवाशापर्यंत आणली.

पण खरी मजल मारली ती अमेरिकन एक्सप्रेसने. ही मूळची १८५० साली निघालेली सामान पोचवणारी कंपनी, आपल्या अंगडियांची चुलत भावंडे म्हणा. तिचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपात फिरायला गेले, तेव्हा मोठी शहरे सोडली तर त्यांच्या पतपत्राला कुणी विचारीना. ते चिडून परत आले आणि आपल्या मार्सेलस बेरी नावाच्या माणसाला यावर तोड काढायला सांगितले. १८९१ मध्ये ट्रॅव्हलर्स चेक निघाला. युक्ती साधीच होती. चेक विकत घेताना प्रवाशाने एक सही करायची आणि मोडताना दुकानदारादेखत दुसरी. दोन्ही जुळल्या की पैसे. हरवला तर कंपनी दुसरा देणार. आपली पेठ-परपेठ ती हीच. १९१४ च्या ऑगस्टात महायुद्धाचा भडका उडाला, युरोपातल्या बँकांनी दारे लावली आणि हजारो अमेरिकन प्रवासी अडकले. तेव्हा या कंपनीने आपले चेक वटवणे चालू ठेवले, आणि तिच्या नावाला जी पत आली ती आजतागायत टिकून आहे.

या चेकावर प्रवाशाकडून एक टक्क्याच्या आसपास नाममात्र आकार घेत. मग कंपनीला मिळे काय? प्रवासी पैसे आज भरी आणि चेक महिन्या-दोन महिन्यांनी मोडी. कित्येक चेक तर वर्षानुवर्षे कपाटात पडून राहत. मधल्या काळात ती सगळी रक्कम कंपनीकडे बिनव्याजी पडून असे, आणि तिच्यावर कंपनी व्याज कमावी. हुंडणावळ गेली नव्हती. ती दिसेनाशी झाली होती. इथून पुढे प्रवासाच्या कागदाचा इतिहास म्हणजे किंमत दिसेनाशी करण्याचा इतिहास आहे.

एक डॉलर जास्त

पुढचे वळण १९५० सालचे. न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहात फ्रँक मॅक्नमारा नावाचे गृहस्थ जेवायला गेले, बिल आले तेव्हा पाकीट घरी राहिले होते, त्या शरमेतून त्यांना कार्ड सुचले, अशी एक गोष्ट सांगतात. ती जाहिरातीसाठी सजवलेली असावी असे अभ्यासक मानतात. काही असो, त्यांनी आणि राल्फ श्नायडर यांनी मिळून डायनर्स क्लब काढला. कार्ड पुठ्ठ्याचे होते. धारकाने जेवावे, सही करावी, महिनाअखेर एकच बिल भरावे. आणि क्लब हॉटेलवाल्याकडून बिलाचे ७ टक्के कापून घेणार.

ही ओळ दोनदा वाचण्याजोगी आहे. हजारो वर्षे प्रवाशाच्या सोयीची किंमत प्रवासी देत आला होता. १९५० मध्ये पहिल्यांदा ती मोठ्या प्रमाणावर दुकानदाराच्या खांद्यावर गेली. दुकानदार काही खुळा नव्हता. त्याने ती हळूहळू भावात मिसळली, आणि भाव तर सगळ्यांना एकच. कार्डवाल्यालाही आणि रोख मोजणाऱ्यालाही.

१ ऑक्टोबर १९५८ ला अमेरिकन एक्सप्रेसने आपले कार्ड बाजारात आणले. डायनर्स क्लबची वार्षिक फी तेव्हा ५ डॉलर होती. यांनी मुद्दाम ६ ठेवली. एक डॉलर जास्त कशासाठी, तर आपले कार्ड जरा वरच्या दर्जाचे वाटावे म्हणून. माझ्या मते ‘प्रीमियम’ या शब्दाचा जन्म या एका डॉलरात आहे. माल तोच, पण महाग असल्यामुळे मानाचा. पुढे १९६६ मध्ये सोनेरी कार्ड आले, १९८४ मध्ये निमंत्रितांपुरते प्लॅटिनम, फी २५० डॉलर. २०२५ मध्ये त्याच प्लॅटिनमची फी ८९५ डॉलर झाली आहे.

त्याच १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात साठ हजार लोकांना न मागता टपालाने कार्डे पाठवली. या कार्डाचे बिल पुरते न भरता थोडेथोडे, व्याजासकट भरायची मुभा होती. १९७६ मध्ये त्याचे नाव व्हिसा झाले. प्रवाशाच्या सोयीचा कागद आणि सावकाराचे खाते या दोन वेगळ्या वस्तू होत्या. त्या इथे एकाच प्लास्टिकच्या तुकड्यात आल्या.

राहिला होता एक धागा, विमानाचा. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपल्या नेहमीच्या उतारूंसाठी मैल मोजण्याची योजना सुरू केली. इतके मैल उडा, एक तिकीट फुकट. १९८७ मध्ये सिटीबँकेबरोबर कार्ड काढून तिने पुढचे पाऊल टाकले. आता मैल मिळवायला विमानात बसायचीही गरज नव्हती. भाजी, बूट, औषधे घेतली तरी मैल जमू लागले. बँका विमान कंपन्यांकडून मैल घाऊक विकत घेतात आणि खातेदारांना वाटतात, आणि काही कंपन्यांना हा मैलविक्रीचा धंदा उड्डाणाइतकाच जवळचा होऊन बसला आहे.

या स्पर्धेचा कळस २०१६ मध्ये झाला. अमेरिकेतल्या चेस बँकेने ४५० डॉलर फीचे एक कार्ड काढले आणि नव्या ग्राहकाला पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केल्यास एक लाख गुण देऊ केले. तरुण पोरांची इतकी झुंबड उडाली की ज्या धातूचे कार्ड करायचे तो धातूच संपला आणि काहींना तात्पुरती प्लास्टिकची कार्डे द्यावी लागली. एका तिमाहीच्या नफ्यात यापायी वीस ते तीस कोटी डॉलरांची घट येईल, असे बँकेच्या प्रमुखांनीच सांगितले. वाचणाऱ्याला वाटेल, बँकेला ठकवले! पण २०२५ मध्ये त्याच कार्डाची फी ७९५ डॉलर झाली. पहिला घास शेटजीने भरवला; ताटाचे पैसे पुढे लागले.

आपल्याकडे

भारतात डायनर्स क्लब १९६१ मध्ये आला. बँकेचे पहिले कार्ड सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये काढले. पण परदेश प्रवासाचे कार्ड ही कल्पनाच तेव्हा दूरची होती. परकी चलनाची इतकी टंचाई होती की, शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेल्या त्या पिढीतला कुणीही भेटला की तो आठ डॉलर घेऊन निघाल्याची हकिकत सांगतो. १९७३ च्या परकी चलन कायद्याने तर खिशातल्या नोटेलाही परवाना लागे. नव्वदीत कार्डे वाढली, पण कित्येकांवर छापलेले असे की, फक्त भारत आणि नेपाळमध्ये चालेल! १९९९ मध्ये नवा कायदा झाला, २००० पासून तो लागू झाला आणि दार उघडले. आज दरवर्षी माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवायची मुभा आहे. आठ डॉलरपासून अडीच लाखांपर्यंतचे हे अंतर एका आयुष्यात कापले गेले, आणि सोयीची किंमत विचारायची सवय मात्र त्या घाईत मागे राहिली.

भाच्याचा हिशेब

गेल्या वर्षी माझी बहीण आणि भावोजी मुलीकडे जर्मनीला जायचे ठरले. भाचा बंगळूरला नोकरीत. त्याला एका बँकेच्या माणसाने प्रवासाचे भारी कार्ड गळ्यात घालायचा घाट घातला होता. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, ‘‘मामा, घेऊ की नको ते सांगा की. फी दहा हजार आहे, पण फायदे लई आहेत म्हणे.’’

मी म्हटले, ‘‘फायद्यांचे राहू दे रे. तुझा वर्षाचा खर्च काढ बघू कागदावर.’’

आकडे मी सोयीसाठी गोल करून देतो. फ्लॅटचे भाडे ३ लाख. विमा ६० हजार. पेट्रोल ४० हजार. बहिणीसाठी शहापुरात केलेले सोने १ लाख. वाणसामान, कपडे, औषधे, हॉटेल मिळून २ लाख ४० हजार. गाड्या-विमाने आणि मुक्काम १ लाख २० हजार. एकूण ८ लाख ६० हजार. बँकेचा माणूस याच बेरजेवर गुण मोजून दाखवत होता.

मग आम्ही कार्डाच्या अटींचे बारीक अक्षर वाचले. भाडे, विमा, इंधन आणि सोने यांवर गुण नाहीत. अशी वगळलेल्या खर्चांची यादी बहुतेक कार्डांना असते, आणि मध्यमवर्गीय घराचा मोठा खर्च नेमका त्या यादीत बसतो. उरले ३ लाख ६० हजार. कार्ड गुणांच्या रूपाने अडीच टक्के परत देते असे धरले तरी ९ हजार रुपये. बिनफीच्या साध्या कार्डावर एक टक्का मिळाला असता, ३६०० रुपये. म्हणजे भारी कार्डाचा जास्तीचा लाभ ५४०० रुपये. आणि फी, जीएसटी धरून, ११८०० रुपये.

‘‘परदेशातला बट्टा कमी आहे की,’’ भाचा म्हणाला. खरे होते. त्या कार्डाचा मार्कअप दोन टक्के, साध्याचा साडेतीन. जर्मनीत दोन लाख खर्च झाले तर दीड टक्क्याचे ३ हजार आणि त्यावरचा जीएसटी ५४०, असे ३५४० वाचणार. लाभ आठ हजार नऊशे चाळीसवर गेला. अजूनही २८६० रुपये पदरचेच. आणि जर्मनीचा प्रवास काही दरसाल नाही. फी मात्र दरसाल.

राहिले विमानतळावरचे दालन. मी विचारले, ‘‘बेळगावला कशाने येतोस?’’

‘‘रात्रीच्या बसने. नाहीतर राणी चन्नम्मा.’’

‘‘मग त्या दालनात बसणार कधी?’’

भावोजी शेजारी सुपारी कातरत होते. ते म्हणाले, ‘‘बसस्टँडवर दालन काढलं की घेऊ म्हणावं.’’

शेवटी भाच्याने बिनफीचे, कमी मार्कअपचे एक साधे कार्ड घेतले. पण याचा अर्थ भारी कार्ड वाईटच असा नव्हे. माझ्या एका विद्यार्थिनीचे काम असे की महिन्यातून दोनदा विमानाने जावे लागते, मुक्कामाचा खर्च आधी तिने करायचा आणि कंपनीने नंतर परत करायचा. तिचा गुण मिळणारा खर्च वर्षाला दहा लाखांच्या वर जातो. वरच्याच हिशेबाने फी फिटायला साधारण ७ लाख ८७ हजारांचा असा खर्च लागतो. तिचा तो सहज होतो, आणि दालनातले जेवणही ती खरोखर जेवते. तिने घेतले ते योग्यच केले. कार्ड तेच, माणसाची चाल वेगळी. आपण जसे जगतो तसे कार्ड शोधावे. कार्ड सांगते तसे जगायला लागलो की हिशेब उलटा फिरतो.

गुणांबद्दल आणखी दोन गोष्टी. गुणाची किंमत बँक ठरवते; तिकिटासाठी एका गुणाचा रुपया होईल, तर भांड्याकुंड्यांसाठी चार आणेच. आणि गुण म्हणजेही एक हुंडीच. ज्याच्या नावाने लिहिली त्याची पेढी उद्या उघडी असेल का, हे पाहायला नको? किंगफिशरची विमाने २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली, जेटची एप्रिल २०१९ मध्ये. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाची कार्डे बंद करावी लागली. म्हणून गुण लोणच्यासारखे मुरत ठेवू नयेत. मिळाले की वापरावेत.

परदेशात दुकानदार हमखास विचारतो, ‘रुपयांत बिल करू का?’ आपल्याला ते आपलेपणाचे वाटते. त्या रुपयांच्या भावात त्याचा बट्टा वेगळा मिसळलेला असतो. तिथल्याच चलनात करा म्हणावे.

मोजते कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दालनातले फुकट जेवण, फुकट तिकीट, याचे पैसे कोण मोजते? तिघे मोजतात.

पहिला दुकानदार. आपण शंभराचे कार्ड घासतो तेव्हा त्याच्या हाती साधारण अठ्ठ्याण्णव पडतात. युरोपीय संघाने २०१५ मध्ये या कापणीतला कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्यावर बांधून टाकला. म्हणून तिथल्या कार्डांवर अमेरिकेसारखी बक्षिसांची खैरात नसते. आपल्याकडे रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवरची कापणी जानेवारी २०२० पासून शून्य आहे, क्रेडिट कार्डावर मात्र अशी मर्यादा नाही. खडेबाजारातला वाणी कार्ड पाहून तोंड वाकडे करतो ते उगीच नाही.

दुसरा मोजणारा म्हणजे फी भरून सोयी न वापरणारा. भाचा तोच होणार होता.

तिसऱ्याचे सांगताना मन जड होते. बिल पुरते न भरणारा. किमान रक्कम भरा असे हिशेबावर ठळक छापलेले असते, आणि ती भरली की निभावले असे माणसाला वाटते. बाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते आणि व्याजावर जीएसटी. पुन्हा तोच आकडा आला, ४.१३. परदेशात तो एकदाच पडतो. इथे दर महिन्याला. लाखाच्या बाकीवर महिन्याला ४१३० रुपये. वर, नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांवर व्याज घेणे अनुचित ठरवले होते. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा कायदा इथे आपला हात धरणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी एवढे केले आहे की, संमतीवाचून कार्ड देता येत नाही, आणि बाकी नसताना कार्ड बंद करायला सांगितले तर सात कामाच्या दिवसांत बंद न केल्यास बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे. हे ठाऊक असावे.

आमच्या शाळेतला एक हुशार मुलगा पुण्यात नोकरीला लागला, चार कार्डे बाळगू लागला, एकाचे दुसऱ्याने फेडू लागला. शेवटी वडिलांनी खानापूरजवळची दीड एकर विकली. त्या पोराने पैसे उधळले नव्हते. तो दोनदा गोव्याला आणि एकदा थायलंडला गेला होता, इतकेच. त्याच बँकांच्या दुसऱ्या कुणा खातेदाराला त्या वर्षी फुकट तिकीट मिळाले असेल. ते कुणाच्या जमिनीतून आले हे त्याला कळणारही नाही. म्हणून कार्डाच्या निवडीत पहिली अट एकच : बिल दरमहा पुरते भरण्याची ज्याची खात्री नाही, त्याने बक्षिसाच्या कार्डाकडे बघूच नये. व्याजाच्या पहिल्या महिन्यातच वर्षाचे गुण वाहून जातात.

या अंकाची पाने आपल्या हाती पडतील तेव्हा घरोघरी लक्ष्मीपूजनाची तयारी चालू असेल. जुन्या पेढ्यांवर त्या संध्याकाळी वहीची पूजा होत असे, आणि पाडव्याला नव्या खात्यांचे पहिले पान लिहीत. आता वह्या राहिल्या नाहीत. हिशेब फोनमध्ये असतो आणि तो कुणी वाचत नाही. यंदा एवढे करावे. एक साधी शंभरपानी वही आणावी, तिच्यावर कुंकू वाहावे, आणि वर्षाचा खर्च पोराबाळांना समोर बसवून लिहून काढावा. मग एका समासात फी, बट्टा आणि व्याज मांडावे. कोणते कार्ड घ्यायचे, की मुळीच घ्यायचे नाही, ते त्या पानावरच दिसेल.